पाहुणीची शाल

खडकी, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय आगू,

सलाम.

आज स्वप्नाने, माझ्या सुनेने, चिंचेची बरणी उन्हात ठेवली आणि मला बोर्डिंगच्या मागची मोरी आठवली. शनिवारची दुपार. वेदीवरची मेणबत्त्यांची पितळी शमादानं आपल्यापुढे, मधे भिजवलेल्या चिंचेची वाटी. तू घासत होतीस, मी चिंच खात होते. सिस्टर कॉन्सिलिया आल्या. त्यांनी आधी शमादानं बघितली, मग वाटी बघितली आणि विचारलं, "चिंच कुठे गेली?" तू मान खाली घालून म्हणालीस, "पितळाने प्यायली, सिस्टर." पुढच्या शनिवारी वाटीत मीठही घातलेलं होतं. ते पितळासाठी की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी प्रोटेस्टंट, मिशनवाल्यांची पोर. तुम्ही सगळ्या रोमन कॅथलिक. तुमच्या वेदीवरच्या शमादानाला या पोरीने हात कसा लावला, असं तिथे कोणी विचारलं नाही. विचारलं ते चिंचेचं.

आता कामाचं. आमच्या खडकीच्या चर्चमध्ये कापणीचा सण सव्वीस ऑक्टोबरला धरला आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. माझा मुलगाही जाणार. मग चर्चमध्ये मी, स्वप्ना, पास्टरसाहेब आणि छपरातल्या चिमण्या एवढीच मंडळी उरते. त्याआधी सण उरकायचा. तू ये. सिस्टरांनी दोन सुरांत बसवून घेतलेलं ते गीत आपण म्हणू. वरचा सूर माझा, खालचा तुझा. या वर्षीच म्हणायचं आहे. का, ते विचारू नको. म्हातारीची हौस आहे.

तब्येत बरी आहे. छातीत धूळ बसली म्हणून अंबाजोगाईला दाखवून आले. तिथले डॉक्टर सगळे लहान पोरं वाटतात.

पत्र राधाकिशनच्या दुधाच्या टेम्पोतून पाठवते. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ओरडता येत नाही. तोही सिस्टरांचाच प्रताप.

तुझी,
सलोमी


करंजवाडी, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय सलोमी,

जय येशू. तुझं पत्र दोनदा वाचलं. मोरी तशीच डोळ्यांसमोर आली, फक्त आपण दोघी त्यात फार बारीक दिसलो.

मला यायचंच आहे. पण विचारल्याशिवाय कसं जाणार? रविवारची मिस्सा संपून लोक चर्चबाहेर पडल्यावर फादर लॉरेन्सना गाठलं. ते म्हणाले, "जा ना, बाई. प्रार्थना करा, गा. त्यांचं प्रभुभोजन असेल तर ती भाकर आणि द्राक्षरस मात्र घेऊ नका. एवढंच." आणि मोटारसायकलला किक मारून पुढच्या गावच्या मिस्सेला गेले.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण विजयसिंह भाऊसाहेब मागे उभे होते. आमच्या चर्च कमिटीचे अध्यक्ष. सोसायटीत गटसचिव होते. आयुष्यभर त्यांनी ठराव लिहिले, त्यामुळे ठरावाशिवाय काही घडलं आहे असं त्यांना वाटतच नाही. म्हणाले, "फादरनी सांगितलं ते तोंडी सांगितलं. उद्या फादरची बदली झाली तर ते तोंड बी जाईल."

बैठक बोलावली. तासभर हेच, की दुसऱ्यांच्या उपासनेत बसलं तर तो सहभाग होतो का. भाऊसाहेबांचं म्हणणं, खुर्चीवर बसलं तर नाही, सतरंजीवर बसलं तर होतो. उभं राहिलं तर? सगळे उभे राहिले म्हणून उभं राहिलं तर? डोळे मिटले तर सहभाग धरायचा, असं जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात कमिटीतल्या भिवराबाई म्हणाल्या, "अन डुलकी लागली तर?" भिवराबाईंना आपल्याच मिस्सेत डुलकी लागते, त्यामुळे त्यांचा प्रश्न मनापासून होता.

मग तोडगाही त्यांनीच काढला. म्हणाल्या, "भाऊसायेब, कार्यक्रमाला येऊन बी कार्यक्रमात नसतंय असं एकच मानूस. पावना. उशिरा येतो, खुर्चीवर बसतो, काय बी करत न्हाई, अन मधीच उठून जातो."

"पण पावना हाय हे वळखायचं कसं?"

"शाल अन नारळ. कुत्र्याच्या अंगावर शाल टाकली तरी लोक त्याला म्हनत्यात, दोन शब्द बोला."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. ठराव असा झाला: करंजवाडीच्या कॅथलिकाने इतर पंथांच्या उपासनेस जाण्यास हरकत नाही, मात्र तेथे त्याचा शाल व नारळ देऊन सत्कार झालेला असावा. सत्काराचा फोटो ग्रुपवर टाकावा.

मी हळूच विचारलं, "गाऊ का?" भिवराबाई म्हणाल्या, "पावना कधी गातो व्हय?"

तू हसशील, माहीत आहे. पण सिस्टरांनी मला रांगेत उभं राहायला शिकवलं. रांग कुठे चालली आहे हे विचारायला शिकवायचं राहून गेलं. शिवाय आमच्या कबरस्तानाची किल्ली भाऊसाहेबांकडे असते. आमच्या यांच्या शेजारची जागा माझी, हे गावाला ठाऊक आहे, पण ठरावात नाही.

छातीला सुंठ-मध घे.

तुझी,
अगाथा


खडकी, १३ ऑक्टोबर २०२५

प्रिय आगू,

सलाम. मी हसले आणि त्यात खोकला लागला, म्हणून स्वप्ना तुझ्यावर रागावली आहे.

तुमच्या ठरावाने आमच्याकडे मोठी चैतन्याची लाट आली. आमचे सेक्रेटरी शिवशंकर यांनी रविवारच्या उपासनेत जाहीर केलं की करंजवाडीहून पाहुणे येणार असून त्यांच्या अंगावर शाल टाकणं ही आपली ख्रिस्ती जबाबदारी आहे. मग शालीचा रंग. भगवी म्हटलं तर लोक म्हणतील, यांनी पक्ष बदलला. हिरवी म्हटलं तरी तेच, निळी म्हटलं तरी तेच. पांढरी मयताची. शेवटी युसूफ वडगावच्या बाजारातून चॉकलेटी चौकडीची आणली. ती कोणत्याच पक्षाची नाही आणि खरं सांगायचं तर कोणाच्याच पसंतीची नाही.

नारळावर जास्त वेळ गेला. एक वडीलधारे म्हणाले, "नारळ देवळात फोडत्यात. आपन कावून द्यायचा?" शिवशंकर म्हणाले, "कापणीच्या सणाला लोक भोपळ्यासोबत नारळ बी आणत्यात, तवा कुनी इचारत न्हाई." पास्टरसाहेबांनी मधला मार्ग काढला. नारळ द्यावा, पण पाहुण्यांनी तो फोडू नये. म्हणजे तुला मिळणारा नारळ हा फक्त धरायचा नारळ आहे.

आगू, सुचलं ते सांगते. पाहुणीला दोन शब्द बोलायला सांगतातच. तू दोन शब्दांऐवजी दोन कडवी म्हण. ठरावात गाऊ नये असं लिहिलेलं नाही. ते भिवराबाई म्हणाल्या. भिवराबाई म्हणजे काही पोप नव्हेत.

पाहुणी म्हणून ये, पण ये.

राधाकिशन विचारत होता, "मावशी, तुमचं दोघींचं कोर्टात काय चालू हाय का? दुधाच्या कॅनवर इतके कागद आजपातुर कुनी ठिवले न्हाईत."

तुझी,
सलोमी


करंजवाडी, ३० ऑक्टोबर २०२५

प्रिय सलोमी,

जय येशू. सण छान झाला. तुमच्या लोकांनी माया केली. ज्वारीची कणसं, दुधी, पेरू, सगळं वेदीपुढे मांडलेलं बघून मला बोर्डिंगचं कोठार आठवलं.

पण मी फार अवघडले. मला व्यासपीठावर बसवलं, लोकांकडे तोंड करून. ऑक्टोबरच्या उन्हात ती शाल. नारळ मांडीवर ठेवला तर घरंगळायचा, म्हणून सबंध प्रवचनभर दोन्ही हातांनी धरून बसले. शिवशंकरभाऊंनी सत्कार केला, मग फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा केला. उपासना थांबली होती, कोणाची तक्रार नव्हती. आमचे भाऊसाहेब माझ्यावर लक्ष ठेवायला आले होते, त्यांनाही मग त्याच शालीने पाहुणे करावं लागलं. पुढे अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावात त्यांनी तुमच्या सणाची कोंबडी सोडवली. पाहुण्याने बोली लावली तर तो सहभाग होतो का, हे मी विचारलं नाही. कोंबडी अंडी देते आहे.

तुझं गीत आलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हाही बघितलंस. मी "आनंद वाटला" म्हणाले आणि बसले. भाऊसाहेबांचा मोबाईल माझ्याकडेच रोखलेला होता. मग तू एकटीने वरचा सूर धरलास आणि दुसऱ्या कडव्यात मधेच थांबलीस आणि खाली बसलीस. सगळ्यांसमोर. मी काय समजायचं ते समजले. जेवतानाही तू माझ्याशी फार बोलली नाहीस. सलू, इतका राग बरा नाही. आपल्या वयाला गाणं अर्ध्यावर टाकून बसणं शोभत नाही.

आमच्या ख्रिस्तराजाच्या सणाला, तेवीस नोव्हेंबरला, तुम्हा सगळ्यांना आमंत्रण आहे. ठरावाप्रमाणे तुमचाही सत्कार होईल. त्याच शालीने. नारळही तोच, कारण तो फोडायचा नाही. भाऊसाहेबांनी दोन्ही वस्तू त्यांच्या कपाटात ठेवल्या आहेत.

तुझी,
अगाथा


खडकी, २७ नोव्हेंबर २०२५

प्रिय आगू,

सलाम. तुमचा सण फार गाजला. तू स्वयंपाकघरात अडकली होतीस, म्हणून आपली गाठ पडली नाही आणि तुला हे कोणी सांगितलंही नसेल, म्हणून सांगते.

आमचं एक टेम्पोभर माणूस आणि शाल एक. भाऊसाहेबांनी आम्हाला रांगेत उभं केलं. पहिल्याच्या खांद्यावर शाल टाकायची, नारळ हातात द्यायचा, फोटो काढायचा, शाल ओढून घ्यायची, दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायची. आमच्या साखराबाईंच्या पदराच्या पिनेत शाल अडकली, तेव्हा ओळच थांबली. फादर वेदीशी उभे राहून घड्याळ बघत होते. त्यांना पुढे आणखी दोन गावं करायची होती. शेवटी त्यांनी हात जोडून विचारलं, "मिस्सा सुरू करू का?" भाऊसाहेब म्हणाले, "थांबा फादर, पास्टरसाहेब राहिलेत."

गच्चीवर प्रार्थना करणारी ती टाळ्यावाली मंडळीही आली होती म्हणे. दोन्हीकडच्या चर्चना नावं ठेवून जे बाहेर पडले, ते शालीच्या रांगेत सगळ्यांत पुढे. त्यांनी नारळ घेतला नाही, पण शालीत फोटो काढला.

प्रवचनासाठी वेळच उरला नाही. लोक म्हणाले, इतका चांगला ख्रिस्तराजाचा सण आजवर झाला नव्हता.

मी तुझ्यावर रागावले नव्हते. तेवढं मनातून काढून टाक. बाकी काही नाही.

तुझी,
सलोमी

अगाथा मावशी, मी स्वप्ना. आईनी पत्र दिलं ते राधाकिशनभाऊला द्यायच्या आधी मी खाली चार ओळी लिहिते. आईला सांगू नका. आई तुमच्या सनाला आल्याच न्हवत्या. त्या दिवशी आमी अंबाजोगाईला दवाखान्यात गेलतो. हे सगळं शिवशंकरभाऊनी येऊन सांगितलं ते ऐकून लिहिलंय. छातीतलं धूळ न्हाई. डॉक्टर म्हनले लई उशीर झाला. सनाच्या दिवशी गानं मधीच सोडलं ते रागानं न्हाई, दम पुरला न्हाई म्हनून. हे घरी न्हाईत, कारखान्यावर गेलेत. नाताळात तुमी आलात तर बरं होईल.


करंजवाडी, ७ जानेवारी २०२६

प्रिय सलोमी,

तुझ्या घरून परत आल्यापासून रोज पत्र लिहायला बसते आणि उठते.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या खाटेशी बसले होते. घरी जाऊन बसायला शाल लागत नाही, हे भाऊसाहेबांनी आधीच स्पष्ट केलं होतं. गाव रिकामं, गल्लीत कुलपं, कुठूनतरी एका शेळीचा आवाज. किती वर्षांनी आपण नुसत्या बसलो. तुला राग आला असं मी लिहिलं होतं, ते तू काढलं नाहीस, मीही काढलं नाही.

मग तू म्हणालीस, "माझ्या मयतीला ते गीत म्हण. खालच्या सुरात तर खालच्या सुरात." आणि मी काय म्हणाले? "विचारून सांगते." तू तोंड भिंतीकडे केलंस. मला वाटतं तू हसत होतीस. नसशीलही.

तर विचारलं. काय झालं ते जसंच्या तसं सांगते.

फादर म्हणाले, "त्यात विचारायचं काय? तुमची मैत्रीण आहे. जा, गा. मी पण येईन." भाऊसाहेब म्हणाले, "फादर म्हणतात ते ठीक हाय. पन ठरावाचं काय?" ठरावाप्रमाणे सत्कार झाल्याशिवाय पाहुणी नाही, पाहुणी नाही तर सहभागी, आणि सहभागी तर ठरावाविरुद्ध. मयतीत सत्कार कसा करायचा? एकाने सुचवलं की पेटी बाहेर निघायच्या आधी ओट्यावर पटकन शाल-नारळ उरकून घ्यावं. तिथूनच शिवशंकरभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "आमच्यात मयतीला हार एकालाच असतो."

भिवराबाई हळूच म्हणाल्या, "मी आपली गमतीनं बोलले होते, भाऊसायेब. पावन्याचं." भाऊसाहेब म्हणाले, "गमतीनं असो का कसं बी असो, ठराव झालाय."

शेवटी ठरलं की बिशपसाहेबांच्या कार्यालयाला लेखी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत गीत स्थगित ठेवावं. मी विचारलं, "तोवर थांबेल का?" भाऊसाहेब म्हणाले, "कोन, बिशपसायेब?" मी म्हटलं, "सलोमी."

ते पेनाचं टोपण लावत होते. त्यांनी ते काढलं आणि परत लावलं. वाईट माणूस नाही गं. आमचे हे गेले तेव्हा कबरस्तानात सगळे गेल्यावर एकटे फावडं घेऊन माती सारखी करत होते. पण ठरावात काय लिहायचं हे सुचलं नाही की त्यांना दुसरं काहीच सुचत नाही.

आणि मी त्यांच्यापेक्षा शहाणी आहे असं नाही. विचारायला गेलं कोण?

मी काय करू, ते तूच सांग. बघ, परत विचारतेच आहे.

अगाथा


खडकी, १२ जानेवारी २०२६

प्रिय आगू,

सलाम. मी बोलते आहे आणि स्वप्ना लिहिते आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, पण ती मधे मधे डोळे पुसते, त्यामुळे शाई फुटली तर तो दोष माझा नव्हे.

तू खाटेशी "विचारून सांगते" म्हणालीस तेव्हा मी हसतच होते. मनात म्हटलं, स्वर्गाच्या दारातही ही बाई आत येऊ का म्हणून चिठ्ठी पाठवेल आणि उत्तराची वाट बघत बाहेर बसेल.

तुमचा ठराव मला पटला. खरंच. मी त्यात काही मोडत नाही. कार्यक्रमाला एकच पाहुणा असतो, जो उशिरा येतो, काही करत नाही आणि सगळ्यांच्या आधी उठून जातो, असं भिवराबाई म्हणाल्या ना? मग त्या दिवशी तो पाहुणा कोण, हे कमिटीच्या लक्षात कसं आलं नाही? ती शाल माझ्या अंगावर टाका. नारळ माझ्या हातात द्या. फोटोही काढा, मी हलणार नाही. पाहुणी मी. बाकी तुम्ही सगळे घरचे, रोमन असा, मिशनवाले असा, नाहीतर गच्चीवरचे असा. घरच्यांनी गायचं असतं, रडायचं असतं आणि चहा करायचा असतो. त्याला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. स्वप्ना हे वाक्य लिहायला तयार नव्हती. मी लिहायला लावलं.

भाऊसाहेबांना हे वाचून दाखव. दोन शब्द मात्र मी बोलणार नाही.

एक गोष्ट खरी सांगते. मला भीती वाटते ती मरणाची नाही. बोर्डिंगमध्ये सुट्टी लागल्यावर सगळ्या पोरी गेल्या आणि आपला माणूस न्यायला आला नाही, की त्या ओट्यावर ट्रंकेवर बसून कसं वाटायचं, तसं वाटतं. तेव्हा तू तुझ्या बापाला थांबवून ठेवायचीस, मी निघेपर्यंत. म्हणून तुला सांगितलं. गाण्याचं निमित्त.

सलोमी


करंजवाडी, १६ जानेवारी २०२६

प्रिय सलू,

जय येशू.

तुझं पत्र मी कमिटीत वाचून दाखवलं. बापाच्या परवानगीचं वाक्यही वाचलं. भिवराबाईंनी पदर तोंडाला लावला, तो हसण्यासाठी की दुसऱ्या कशासाठी, ते मी बघितलं नाही. भाऊसाहेब म्हणाले, "मुद्दा कायदेशीर हाय." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक आजवर कोणाचं झालेलं नाही. त्यांनी पेन काढलं आणि नवा ठराव लिहायला घेतला, की मयताचा शाल व नारळ देऊन सत्कार झाल्यास उपस्थितांस घरचे समजण्यात यावे.

आणि मला एकाएकी फार राग आला. इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे. मी म्हणाले, "भाऊसाहेब, ते राहू द्या. तिला आता फक्त डाव्या कानाने ऐकू येतं. ती गेल्यावर मी कोणत्या कानात गाऊ?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, रविवारी, अठरा तारखेला, मी खडकीला उपासनेला जाते आहे. विचारत नाही, सांगते आहे. मी सतरंजीवर बसेन, उभं राहायचं तेव्हा उभी राहीन, डोळे मिटेन आणि गाईन. प्रभुभोजन असलं तर घेणार नाही, कारण ते फादरनी सांगितलं आहे आणि ते मला समजतं. बाकीचं मला आजवर समजलेलं नाही.

फादर दारात होते. ते म्हणाले, "बाई, अठरापासून ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा आहे." भाऊसाहेब म्हणाले, "तो तर आपन दरवर्षी पाळतो, फादर." फादर म्हणाले, "हो. आपल्याच चर्चमध्ये, दार लावून."

भाऊसाहेब माझ्यासोबत फाटकापर्यंत आले. मला वाटलं, आता कबरस्तानाच्या किल्लीचं काढतील. मीच म्हटलं, "यांच्या शेजारची जागा मला द्यायची की नाही ते तुम्ही बघा. मी काही लगेच येत नाही." ते खाली बघत म्हणाले, "जागा तुमचीच हाय, बाई. तिथं ठराव कशाला लागतो?" मग म्हणाले, "टेम्पोत अजून एका मानसाला जागा हाय का?"

तर आम्ही येतो. भाऊसाहेब, भिवराबाई आणि मी. फादर त्यांची मिस्सा उरकून मागून येतील. राधाकिशन म्हणाला, "न्हेतो की. पन मावशी, केस मिटली का म्हंजे?"

सामान आज त्याच्याकडेच पुढे पाठवते आहे. कोणाला काय ते नीट वाचून घे, स्वप्नाला सांग.

शाल तुझी. मयतीपर्यंत कशाला थांबायचं, थंडी आत्ता आहे. गुडघ्यांवर घे. सत्कार धरू नको.

नारळ फोडा. तो हलवला तर आत वाजतो, म्हणजे खोबरं वाटीपासून सुटलं आहे, छान निघेल. त्याचा मोठा तुकडा शिवशंकरभाऊंना, एक त्या नारळ नको म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना, आणि उरलेला गच्चीवरच्या मंडळींकडे पाठवा. देवाला दाखवून झालेला नाही, असं त्यांना सांगा.

अंडी स्वप्नाला. तुमच्याच सणाच्या कोंबडीची आहेत. भाऊसाहेबांनी स्वतः गवतात बांधून दिली.

कॅनच्या मागे कापडात गुंडाळलं आहे ते आमच्या वेदीवरचं एक शमादान. सोमवारी परत न्यायचं आहे, फादरना सांगून आणलं आहे. ते काळं पडलं आहे. तसंच राहू दे, मी आल्यावर तुझ्या खाटेशी बसून घासेन. सोबत चिंचेची पुडी आहे. अर्धी पितळाला, अर्धी तुला. मीठ वेगळं बांधलं आहे.

खालचा सूर भाऊसाहेबांना दिला आहे. त्यांचा आवाज खालीच लागतो, दोन दिवस गोठ्यात सराव चालू आहे.

राधाकिशनचा टेम्पो तुला खाटेसकट चर्चपर्यंत नेईल. वरचा तूच सुरू कर. मी तुझ्या डाव्या बाजूला असेन. जिथे दम संपेल, तिथे मला दे.

तुझी,
आगू